घंटा झाली आणि मी गळले

मित्रांनो, मी आहे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली एक जुनी ब्युरेट. म्हणजे अंगावर आकडे कोरलेली काचेची उंच नळी, आणि खाली थेंब सोडणारी तोटी. लॅबवाले काका दर शनिवारी, गळू नये म्हणून, माझ्या तोटीला ग्रीस लावत आणि म्हणत, "हिचा थेंब म्हणजे थेंब!" काका निवृत्त झाले आणि ग्रीसची डबी कपाटात गेली ती गेलीच.

आमचं विद्यापीठ धार्मिक. बाराची घंटा झाली की हातातलं काम सोडून उभं राहायचं, डोळे मिटायचे. इथे परमेश्वर आणि पोटॅशियम एकाच छताखाली नांदतात. त्यांचं आपसात बोलणं आहे की नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

यंदा परीक्षेत मी मुंगीच्या वाट्याला आले. मुंगी म्हणजे खाली मान घालून काम करणारी, पहिल्या वर्षाची मुलगी. ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर रसायनशास्त्र कायमचं सुटणार होतं. माझ्यातलं किती मिलिलिटर सोडल्यावर खालच्या पात्रातलं द्रावण फिकट गुलाबी होऊन टिकतं, तो आकडा काढायचा होता. छटा येत होती, विरत होती. आता एकच थेंब हवा होता, तेवढ्यात घंटा झाली. तिने तोटी घट्ट बंद केली, डोळे मिटले.

मी जीव मुठीत धरून थांबले, तरी गळलेच. शेजारच्या मुलाची ब्युरेटही गळकी, पण त्याने एक डोळा किलकिला ठेवून आकडा टिपला आणि पात्र हळूच बाजूला सरकवलं.

मुंगीने डोळे उघडले तेव्हा पात्र गडद गुलाबी झालं होतं.

"माझं लिही गं, चोवीस पॉइंट सहा," शेजारचा मुलगा कुजबुजला.

तिने माझ्यावरचा खरा आकडा लिहिला, सत्तावीस.

"सत्तावीस?" परीक्षा घेणारे सर चमकले. "तोटी बंद नव्हती केलीस?"

"केली होती सर, देवाशप्पथ. डोळे मिटले होते ना, तेवढ्यात झालं."

घंटेला डोळे मिटायला सरांनीच सांगितलं होतं. ते खाली वाकले आणि माझा एक थेंब त्यांच्या बोटावर पडला. त्यांनी तोटी चाचपली, ती घट्ट बंदच होती.

मीही गोंधळले. मनापासून डोळे मिटणारी बुडाली, चोरून बघणारा तरला. चूक कुणाची? तिची, माझी, की डबीची? प्रार्थनेची म्हणायला जीभ धजत नाही.

सरांनी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. डबी सापडली, पण ग्रीस वाळून दगड झालं होतं. बाराची घंटा झाली. मुंगीने डोळे मिटले. सरांचे ओठ प्रार्थना म्हणत होते, डोळे मात्र टक्क उघडे होते, आणि माझ्याखाली त्यांनी एक रिकामं पात्र धरलं होतं; त्यात गळालेलं मोजून त्यांनी तिच्या आकड्यातून वजा केलं.

मुंगी पास झाली. मित्रांनो, डोळे खुशाल मिटा, पण त्याआधी कुणीतरी माझ्या तोटीला ग्रीस लावा.