भोंग्याची वायर

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे आणि मी रागावलेलो आहे. 'इंजिन' नपुंसकलिंगी, तेव्हा 'रागावलेलं आहे' असं हवं, हे मलाही ठाऊक आहे. पण संतापलेल्याचं व्याकरण तपासत बसू नये. मुकाट्याने ऐका.

अवजड गाड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ओतीव लोखंडाचं अंग, सहा सिलिंडर, आणि वजन असं की मला उचलायला साखळी-कप्पीच लागते. तिथून मी आगीच्या बंबात गेलो. बंबाचा ड्रायव्हर रोज सकाळी माझं तेल बघायचा, पाणी बघायचा, मग मला सुरू करून डोळे मिटून ऐकत उभा राहायचा. आवाज जरा बदलला की म्हणायचा, "काय झालं रे?" आणि कारण सापडेपर्यंत जेवायला जायचा नाही. आगीच्या तोंडाशी तासन्‌तास उभं राहून मी पाण्याचे पंप ओढले आहेत. तेव्हा माझ्यापुढे रुंद रेडिएटर होता आणि भोवती मोकळी हवा होती. मी तापायचो, तसा निवायचोही.

पुढे नवे बंब आले आणि आमची रवानगी भंगारात झाली. तिथे मला कुणी ढुंकूनही विचारलं नाही. माझ्या हवेच्या नळीत एका उंदराने संसार थाटला, तेवढीच काय ती सोबत.

एक दिवस तिथे बहीणभाऊ आले. बहीण जनावरांची डॉक्टर होती आणि भाऊ गाड्यांच्या बॉडी बांधायचा. ती त्याला दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो. तिचा दवाखाना टेकडीवर, आणि गोठे-तबेले सगळे खालच्या खोऱ्यात. आजारी जनावर उभ्याउभ्या चढवता येईल आणि तो मोठा चढ दम न लागता चढेल, अशी गाडी बाजारात मिळत नव्हती. ती दादा बांधून देणार होता.

"ओढेल ना रे हे?" तिने विचारलं.

"अगं, घोडं काय, हत्ती घातलास तरी ओढेल," दादा म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

दादाचा हात चांगला आहे, हेही कबूल करतो. त्याने चासीत माझ्यासाठी जागा केली, माझ्या पायांखाली जाड रबरं दिली, गिअरबॉक्सशी माझी गाठ अगदी सरळ रेषेत मारली. पण मला खाली सोडल्यावर माझं तेलाचं चेंबर पुढच्या ॲक्सलला टेकलं. मला वीतभर वर उचलावं लागलं. आता माझं डोकं बॉनेटच्या वर येऊ लागलं.

ते बॉनेट! दादाने ते आधीच घडवून ठेवलं होतं. पुढे उतरतं, गुळगुळीत, येणाऱ्याजाणाऱ्याने वळून बघावं असं.

"अहो, बॉनेटच थोडं उंच करा की," दादाची बायको, म्हणजे आमची वहिनी, म्हणाली.

"कुबड आलेली गाडी माझ्या वर्कशॉपमधून बाहेर पडायची नाही. लोक नावं ठेवतील."

मग त्याने मलाच दाबलं. माझ्या अंगावरची उंच नळी कापून आडवी केली. उतरत्या बॉनेटखाली रुंद रेडिएटर मावेना, म्हणून एका लहान ट्रकचा लावला. पंख्याभोवतीचं कडं अडतं म्हणून काढून टाकलं. तापमानाचा काटा नव्या डॅशबोर्डावर शोभत नाही, म्हणून त्याच्याऐवजी नुसता एक भोंगा बसवला. मी फार तापलो की तो वाजणार होता. माझ्याकडे बोलायला तेवढंच तोंड उरलं.

पहिल्याच चाचणीत, रिकाम्या गाडीने, पहिल्याच चढावर भोंगा वाजला. दुसऱ्यांदाही वाजला. दादा वैतागला. "जुनं इंजिन, तापटच असणार. उगाच कोकलतंय," असं म्हणून त्याने भोंग्याची वायर उपटली आणि टोकाला काळी टेप गुंडाळली. किती नीटनेटकी गुंडाळली होती, मित्रांनो! बहिणीला मात्र सांगितलं नाही. गाडी तिच्या हवाली करताना तो फोटोत हसत होता.

तापट म्हणे! श्वास घ्यायला जागा द्यायची नाही आणि धाप लागली की स्वभावाला नावं ठेवायची!

मग ती घोडी आली. शिंगरू पोटात आडवं आलं होतं. आत हात घालून वळवायला जागा नव्हती, दवाखान्यात टेबलावर घेणं भाग होतं. मालक मागे तिची मान कवटाळून उभा होता. बहीण गाडी चालवत होती. आम्ही चढाला लागलो. अर्ध्या चढावर माझ्यातलं पाणी उकळू लागलं. मी भोंग्याला ढकलत होतो आणि भोंगा गप्प होता. वेळीच वाजला असता तर तिने गाडी थांबवून मला निवू दिलं असतं, थोडा उशीर झाला असता पण आम्ही पोचलो असतो. तिला बिचारीला काय माहीत? ती आणखी जोर देत राहिली. शेवटी रबरी नळी फाटली, बॉनेटमधून वाफ उसळली आणि मी बंद पडलो.

तिने रस्त्याच्या कडेलाच घोडीला सोडवलं. घोडी वाचली. शिंगरू वाचलं नाही. मालकाने आपला कोट काढून त्याच्यावर घातला आणि घोडी तो कोट हुंगत राहिली.

गाडी ओढून न्यायला दादा आला. आल्या आल्या म्हणाला, "जुनंच ते. दिला शेवटी दगा."

मला तेव्हा ओरडता आलं असतं तर! पण तिने बॉनेट उघडलंच होतं. तिचे हात अजून माखलेले होते. टेप लावलेलं टोक तिने दोन बोटांत धरलं.

"दादा, हे काय आहे?"

"अगं, सारखा वाजत होता तो."

"का वाजत होता, ते बघितलंस?"



दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने ते बॉनेट कापलं. तापून वाकडं झालेलं माझं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, घासून सरळ केलं, रुंद रेडिएटर लावला, कडं बसवलं, वायर जोडली. आता गाडीला चांगलं ठसठशीत कुबड आहे. लोक हसतात आणि दादा ऐकून घेतो. तो मनाने वाईट नाही, असं वहिनी म्हणते. नसेल. माझा राग गेलेला नाही. शिंगरूही परत आलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, रस्त्यावर कुणी सारखं ओरडत असेल, तर 'तापटच आहे' म्हणून त्याची वायर उपटू नका. आधी बॉनेट उघडून बघा.

परवा त्याच चढावर भोंगा वाजला. तिने लगेच गाडी कडेला घेतली, खाली उतरली, बॉनेट वर केलं आणि वाकून म्हणाली, "काय झालं रे?"

बंब सुटल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पंख्याचा पट्टा सैल झाला होता, मित्रांनो. मला एवढंच सांगायचं होतं.