बारावी खोली आणि माझी सातवी पायरी

मी शिडी आहे. लाकडाची, जुन्या घडणीची. हल्ली त्या घडी घालायच्या चकचकीत शिड्या निघाल्यात, त्यांच्यात मला मोजू नका. त्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतात. माझा जन्म माधवनगरच्या एका कापड गिरणीच्या आवारात झाला, एका सुताराच्या हातून, भर उन्हात.

माझे दोन खांब सागाचे आणि तेरा पायऱ्या बाभळीच्या. गिरणीत दिवे बदलायचे आणि पत्र्याखालची जळमटं काढायची, एवढंच माझं काम. तिथले वायरमन होते नानासो. ते चढायला लागले की मला बरं वाटायचं, कारण त्यांचं पाऊल हलकं. नाहीतर काही माणसं अशी चढतात, जणू घरचं भांडण शिडीवर काढतायत.

गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. नानासोंनी मॅनेजरना विचारून मला मागून घेतलं आणि दोन सायकलींना बांधून धोटा वसाहतीत आणलं.

धोटा वसाहत म्हणजे गिरणी कामगारांसाठी नगरपालिकेनं बांधलेल्या खोल्या. सांगलीपासून फार लांब नाही. पालिकेचं नाव सांगत नाही, उगीच कशाला कुणाला चिडवा. जागा आणि भिंती पालिकेच्या, राहणारे पट्टेदार. तीस वर्षांचा पट्टा लिहून मिळतो, तो संपत आला की नवा करून घ्यायचा. मोठी दुरुस्ती पालिका करते आणि खर्चाचा वाटा पट्टेदारांकडून घेते. आमच्या ओळीत बारा खोल्या आहेत, बैठ्याच, आणि साऱ्यांवर मिळून एकच लांबलचक स्लॅब. वर जायला जिनाच नाही. बांधताना कुणाच्या डोक्यात आलं नाही म्हणे. त्यामुळे वर जायचं तर माझ्यावरूनच.

पहिली खोली नानासोंची. मी त्यांच्याच भिंतीला टेकून असते. शेवटची, बारावी खोली भामाबाईंची. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा उदयसिंह फौजेत. म्हातारी सत्तरी ओलांडलेली, पण दर उन्हाळ्यात नऊवारीचा काष्टा आवळून, कडेवर पातेलं घेऊन माझ्यावरून वर जायची. एवढा लांबचा स्लॅब चालून आपल्या खोलीवर कुरडया घालायची. स्वतःपुरत्या नव्हेत. निम्म्या वसाहतीच्या कुरडया तिच्याच हातच्या. खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्यावरून बरेच गडी चढले, पण तिच्याइतकं बेतानं पाऊल टाकणारं कुणी पाहिलं नाही.

माझी सातवी पायरी मधोमध तडकलेली आहे. नानासोंनी नायलॉनची दोरी गुंडाळून ती बांधलीय. तिथं कडेला पाय द्यायचा, मध्ये नाही. हे नानासोंना माहीत आणि भामाबाईला. बाकी कुणाला वर जायची गरजच पडायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात पालिकेनं वसाहतीची सुधारणा काढली. स्लॅब गळत होता, त्यावर नवा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचे होते. काम लालासाहेब नावाच्या ठेकेदाराला मिळालं. त्याचा मिस्त्री नाथाजी, म्हसवडकडचा, कामाला वाघ. पहिल्या खोलीपासून सुरुवात करून तो अकराव्या खोलीपर्यंत ठरल्याच्या दोन दिवस आधीच पोचला. आणि बाराव्या खोलीवर बघतो तर काय, धोतरावर ओल्या कुरडया पसरलेल्या.

भामाबाई वरच होती. म्हणाली, "आरं, आत्ताच घातल्यात. दोन दिस थांब की."

नाथाजीनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. आमच्याकडे वाळवणावरून कुणी चालत नाही, मग तो मिस्त्री असो की मुकादम. तो म्हणाला, "मावशी, अन्नावर पाय कसा दिऊ? वाळलं की निरोप धाडा, येतो."

दुसऱ्याच दिवशी लालासाहेबानं त्याला पाचगणीला एका बंगल्याच्या कामावर पाठवलं. कुरडया वाळल्या, भामाबाईनं निरोपही दिला, पण नाथाजी काही आला नाही. पालिकेच्या ओव्हरसियरनं रस्त्यावर उभं राहून ओळीची लांबी मोजली आणि बारा खोल्यांचं काम पूर्ण म्हणून लिहून दिलं. वर जायला जिना नाही, आणि माझ्यावरून चढायचा त्रास कोण घेणार? मी भिंतीला टेकून सगळं बघत होते. मला तोंड असतं तर तिथंच बोलले असते.

पावसाळ्यात अकरा खोल्या कोरड्या राहिल्या. बाराव्या खोलीत भामाबाई अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत बसली. दसऱ्यानंतर पालिकेच्या नोटिसा आल्या. सुधारणेच्या खर्चाचा वाटा भरा, काम समाधानकारक झालं म्हणून बारा जणांनी एकाच कागदावर सही करा, मगच पट्ट्यांचं नूतनीकरण होईल.

अकरा सह्या झाल्या. भामाबाई म्हणाली, "माझ्या खोलीवर काम झालंच न्हाई. मी सही करनार न्हाई."

झालं, सगळी ओळ तिच्यावर उलटली. पट्टे मार्चअखेर संपत होते. तिच्याच शेजारची राणी, स्वभावानं वाईट नाही, पण तिच्या नवऱ्याचं कर्ज पट्ट्याच्या कागदावर अडलेलं. ती माझ्यासमोरच नानासोंना म्हणाली, "म्हातारी एकटी बारा घरांस्नी आडवून बसलीया. सरळ पैसं द्यायचं न्हाईत म्हना की."

नानासो वर जाऊन खात्री करू शकले असते. पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी चढायला बंदी केलेली. ते भामाबाईकडे गेले. "वैनी, काम का ऱ्हायलं त्ये तरी सांगा."

तिनं चहाचं आधण ठेवलं आणि उदयसिंहाच्या पत्राचा विषय काढला. मला कारण माहीत होतं. तिला लाज वाटत होती. चार कुरडयांपायी सरकारी काम अडवलं असं लोक म्हणतील, हसतील, आणि वर पट्टाही जाईल. राहतं घर हातचं जाईल या भीतीनं तिची झोप उडाली होती. दिवसा ती नोटीस घडी करून कनवटीला लावायची आणि पुन्हा काढून बघायची.

शेवटी तिनं पालिकेत अर्ज दिला. पालिकेनं सुधारणेची कामं आणि त्यांचे आकार, म्हणजे पट्टेदारांवर लावलेला खर्चाचा वाटा, तपासायला नगरसेवकांची एक समिती नेमली होती. ती समिती पाहणीला येणार असं ठरलं.

आता पाहणी म्हणजे काय, ते मी चांगलं ओळखून आहे. मांडव, टॉवेल टाकलेल्या खुर्च्या, नारळ, फेटे, पोहे. पाहुणे मान वर करून भिंतीकडे बघतात, "छान, छान" म्हणतात, फोटो निघतो आणि गाड्या जातात. लालासाहेबानं मांडवही तसाच घातला. मीही मनातून आशा सोडली होती.

समितीच्या अध्यक्षा होत्या शरयूताई. गावातल्याच, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, अंगानं जरा भारी. त्यांनी नारळ घेतला, बाजूला ठेवला, आणि हातातला कागद वाचत विचारलं, "स्लॅबवर कुठून जायचं?"

लालासाहेब पुढं आला. "ताई, कशाला तरास घेताय? ह्ये बघा, मोबाइलवर फोटू हायत. वरचा सगळा स्लॅब दिसतोय."

ताईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिले. "फोटो चांगले आहेत. यातली बारावी खोली कोणती?"

"त्ये... आता सगळ्या सारख्याच दिसत्यात की."

"मग बघायलाच हवं. मी आयुष्यभर पोच घेतल्याशिवाय साधं पाकीट सोडलं नाही, लालासाहेब. शिडी आहे का?"

नानासोंनी मला उचललं. पायाला दगड लावला आणि दोन्ही खांब घट्ट धरले. शरयूताईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

माझ्यावर अध्यक्षा चढतायत याचं कौतुक बाजूलाच राहिलं, डोळ्यांसमोर ती तडकलेली पायरी. बाई पडली तर पाहणी गेली आणि भामाबाईचं घरही गेलं. एक, दोन, तीन. बाईंचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता, पण त्या थांबल्या नाहीत. सहाव्या पायरीवर त्या आल्या आणि खालून भामाबाई ओरडली, "ताई, सातव्या पायरीला कडंला पाय द्या, मधी न्हाई."

ताईंनी कडेला पाय दिला. मी सगळा जीव त्या पायरीत आणला. ताई वर पोचल्या.

त्यांच्या मागोमाग ओव्हरसियरलाही चढावं लागलं. दोघं पांढऱ्या फरशीवरून चालत पलीकडे गेले. खाली मांडवात लालासाहेबानं मात्र भामाबाईला शब्दात पकडलं. "म्हंजे तुमी वर जाता तर. कशाला गेल्ता? कामाच्या वक्ताला तुमीच वर हुता ना?"

सगळी ओळ तिच्याकडे बघायला लागली. ती "न्हाई" म्हणाली असती तरी चाललं असतं. कुणी बघितलं होतं? मी आणि पाचगणीला गेलेला नाथाजी सोडून कुणीच नाही. पण तिनं राणीकडे पाहिलं, नानासोंकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "व्हय, हुते. कुरडया घातल्या हुत्या. मिस्त्रीला मीच म्हनलं, दोन दिस थांब. लाजंपायी कुनाला सांगितलं न्हाई. चूक झाली माझी."

लालासाहेबाला हायसं वाटलं. स्लॅबच्या कडेला आलेल्या शरयूताईंना त्यानं खालूनच सांगितलं, "ऐकलंसा ताई? कामात आडथळा ह्यांनीच आनलाय. मिस्त्रीनं मला त्याच दिशी सांगितलं हुतं. मग आकार भराय नगं व्हय?"

शरयूताई कडेवर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "त्याच दिवशी सांगितलं होतं? म्हणजे बारावी खोली राहिलीय हे तुम्हाला उन्हाळ्यापासून ठाऊक आहे. मग बिलात बारा खोल्या कशा आल्या?"

लालासाहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. फेटा काढून त्यानं खुर्चीवर ठेवला. म्हणाला, "ध्यानातनं गेलं, ताई. पाचगणीचं काम आलं आन् ऱ्हाऊनच गेलं." मला वाटतं तो खरंच बोलत होता. माणूस लबाड नव्हता, विसरभोळा आणि घाईचा होता. पण त्याच्या विसरण्यापायी एक म्हातारी चार महिने ओल्यात झोपली, हे विसरून कसं चालेल?

ताईंनी वरच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. बारावी खोली, काम झालेलं नाही. खाली ओव्हरसियरची सही घेतली. काम पूर्ण होईपर्यंत बाराही जणांच्या नोटिसा थांबवल्या, बिल दुरुस्त करायला लावलं, आणि पट्ट्यांचं प्रकरण या सहीसाठी अडवायचं नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग माझ्यावरून उतरल्या. सातव्या पायरीवर न सांगता कडेला पाय दिला. मला त्या बाईचा फार अभिमान वाटला, आणि भामाबाईचा त्याहून जास्त. एकीनं वर जाऊन खरं बघितलं, दुसरीनं खाली उभं राहून स्वतःचं नुकसान होणार असूनही खरं सांगितलं.

राणी भामाबाईजवळ गेली. "आवं आत्ती, मला सांगायचं नव्हतं व्हय? मी काय हसले असते?"

"हसली असतीस," भामाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आठवड्यात नाथाजी आला. म्हणाला, "मावशी, आज वाळवण न्हाई नव्हं?" चार दिवस काम चाललं. भामाबाई रोज वर जाऊन बसली, घमेल्यामागून घमेलं बघत राहिली. शेवटचा तुकडा बसला तेव्हा पालिकेच्या कारकुनाला म्हणाली, "आना आता कागद." माझ्या पायाशी बसून तिनं सही केली. पट्टे मार्चच्या आत नवे झाले.

शरयूताईंच्या समितीनं आणखी एक ठराव केला. स्लॅबवर स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कुणाला आकाराची नोटीस द्यायची नाही, आणि बघायला पट्टेदारालाही सोबत न्यायचं. त्यासाठी प्रत्येक ओळीला लोखंडी जिना बसवायचा. आमच्या ओळीला तो गेल्या महिन्यात बसला, निळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना कठडे.

म्हणजे माझी गरज संपली. नानासोंनी मला आडवं करून भिंतीकडेला ठेवलंय. सरपणाला देऊया असं कुणीतरी म्हणत होतं, ते मी ऐकलं. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू.

पण काल सकाळी काय झालं सांगते. ओळीतल्या साऱ्या बाया कठड्याला धरून एकामागून एक वर गेल्या. काहीजणी तर स्वतःच्या घरावर पहिल्यांदाच गेल्या. राणीनं नवव्या खोलीवर फरशीचा एक तुकडा हललेला शोधला आणि तिथूनच पालिकेत फोन लावला. भामाबाई सगळ्यांच्या मध्ये उभी राहून कुठं काय बघायचं ते दाखवत होती. मी खाली आडवी पडून त्यांचे आवाज ऐकत होते.

मला चुलीत घाला, माझी तक्रार नाही. फक्त तुमच्या डोक्यावरच्या कामाचा कागद कुणी सहीला पुढं केला, तर त्याला म्हणा, थांबा जरा, मी वर जाऊन येते.