बाजूच्या दाराची गाडी

"कॅरव्हॅन विकायची," असं इद्वलनं खिडकीशी बसूनच जाहीर केलं. नेस्ता बटाटे सोलत होती. तिनं सुरी थांबवलीसुद्धा नाही.

"विक की," ती म्हणाली. "मी गाडी घेते."

"कसली गाडी?"

"कॅरव्हॅन ओढायला."

आता जी विकायची ती ओढायला गाडी कशाला, असं कुणीही विचारेल. पण नेस्ताला ओळखणारा विचारणार नाही. ही बाई एकदा बोलली की बोलली. मग समोर नवरा असो, डॉक्टर असो की प्रार्थनागृहाचा पाद्री.

इद्वलनं जन्मभर दुधाचा टँकर चालवला. कॉनवीच्या खोऱ्यातलं एकेक वळण त्याला पाठ. दर ऑगस्टात तो चाकांवरच्या घरासारखी ती कॅरव्हॅन गाडीला जोडायचा आणि आयस्तेद्वोदला, म्हणजे आपल्या वेल्श गाण्या-कवितांच्या मेळ्याला निघायचा. एका वर्षी मेळा उत्तरेत, एका वर्षी दक्षिणेत, पण याचा नेम चुकला नाही. खर्जातला आवाज असा, की पुरुषांच्या गायनमंडळात हा नसला तर बाकीचे उघडे पडायचे. मग साखरेनं घात केला. आधी डावा पाय गेला, वर्ष फिरायच्या आत उजवा, आणि नजरही अधू झाली. गाडी विकली. मंडळातले दोस्त भेटायला आले की हा खुर्चीत डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. माणसं किती दिवस सोंगाशी बोलणार? यायची थांबली.

बाकी कुणाला कळो न कळो, नेस्ताला पक्कं कळत होतं. कॅरव्हॅन गेली की हा माणूस त्या खिडकीपासून पुन्हा हलायचा नाही.

कार्डिफहून लेकीचा, हेलेदचा फोन आला. "आई, यंदा मेळ्याला हॉटेलात उतरा ना! आता तरी जरा आराम. आणि कॅरव्हॅन तू ओढणार? या वयात?"

"वयाचा काय संबंध? कॅरव्हॅन काय मी दोरीनं ओढणारे? इंजिन ओढतं."

"बाबांना हॉटेलात सोयीचं पडेल गं."

"सोयीचंच पडेल. तिथं त्यांना कुणी ओळखणार नाही, कुणी गाणार नाही. कॅरव्हॅनच्या मैदानात दारात खुर्ची टाकली की चार माणसं जमतात आणि सूर लागतो. हॉटेलात कुणाबरोबर गातील? फ्रिजबरोबर?"

हेलेद हसली. पण पटलं नाही ते नाहीच.

तेगिदचं गाड्यांचं आवार गावाबाहेर. तो लहानपणी प्रार्थनागृहातल्या रविवारच्या शाळेत नेस्ताच्या हाताखाली शिकला. आता टक्कल पडलं, तरी तिला नेस्ता आंटी म्हणतो आणि तिच्यासमोर खिशातले हात बाहेर काढतो. त्यानं पहिली गाडी दाखवली ती चकचकीत निळी. मागचं दार उघडलं की उतरती फळी खाली यायची, खुर्ची सरळ आत.

"वा! आणि ओढायचा हुक?"

तेगिदनं मान खाजवली. "तिथंच तर गोम आहे, आंटी. खुर्ची आत जावी म्हणून गाडीचा तळ कापून खाली घेतलाय. हुक ज्याला धरायचा ते आता राहिलंच नाही."

"म्हणजे नवरा गाडीत आणि कॅरव्हॅन गोठ्यामागंच पडून. पुढची दाखव."

पुढची होती छोटी, नाजूक.

"ओढेल हो, आंटी. कागदावर तरी बसतंय."

"कागदावर नाही बसायचं मला. गाडीचं वजन किती? आणि कपडे, भांडी, पाणी भरलेल्या कॅरव्हॅनचं किती?"

तेगिदनं आकडे सांगितले आणि जिभेनं गाल फुगवला.

"नाकापेक्षा मोती जड," नेस्ता म्हणाली. "उतारावर आम्ही कॅरव्हॅनला ओढणार नाही, ती आम्हाला ढकलणार. छान! पुढची."

तिसरी गाडी पांढरी, चांगली दणकट. वजन भरपूर, भक्कम हुक, मागच्या दाराला खुर्ची उचलणारी लिफ्ट. शिवाय जोर मागच्या चाकांना, त्यामुळे ओल्या गवतातही कॅरव्हॅन घेऊन निघाली असती. नेस्ताला गाडी बघताक्षणी आवडली. दुसऱ्या कुणीही तिथल्या तिथं हात मिळवला असता.

"उद्या घरी घेऊन ये," ती म्हणाली. "माझी कॅरव्हॅन जोडून आणि माझा नवरा बसवून बघणार. चपलासुद्धा मी पायात घातल्याशिवाय घेत नाही."

नवऱ्याला बसवणं हेच अवघड होतं. पण इद्वलनं बाला गावच्या एका गिऱ्हाइकाला शनिवारी बोलावलं होतं, तेच नेस्तानं धरलं.

"कॅरव्हॅन गोठ्यामागं खाजकुयलीत रुतलीय. गिऱ्हाइकाला तिथं उभं करणार का? तू गाडीत बसून सांग, मी बाहेर काढते. अंगणातून सांगितलेलं मला ऐकू यायचं नाही."

"बहिरी झालीस?"

"झाले. चल."

तो कुरकुरत आला. मागच्या लिफ्टनं वर गेला. खुर्ची चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधली, तेगिदनं कॅरव्हॅन जोडली आणि स्वतः पुढं नेस्ताशेजारी बसला. खाजकुयलीतून कॅरव्हॅन अलगद निघाली. मग ती अंगणात थांबवायची सोडून नेस्तानं फाटकातून बाहेर काढली.

"कुठं निघालीस?"

"चढावर कशी ओढते बघू. गिऱ्हाईक विचारेल."

"गिऱ्हाईक कॅरव्हॅनचं आहे, गाडीचं नाही!" इद्वल ओरडला. पण चढ लागला तसा मागून म्हणाला, "तिसऱ्या गिअरवर घे. मर मर मारू नकोस बिचारीला." नेस्ताला मनातून इतका आनंद झाला, की तिनं मुकाट गिअर बदलला.

चढ संपून रस्ता सपाट झाला तेव्हा तो म्हणाला, "नेस्ता, थांबव. मला उतरायचंय."

"आता इथं कशाला?"

"कशाला म्हणजे? लघवीला. लवकर."

औषधांमुळे त्याला दम धरवत नसे. तिनं गाडी कडेला घेतली, उडी मारली, मागं धावली आणि मागचं दार ओढलं. दार वीतभर उघडलं आणि कॅरव्हॅनच्या नाकावर आपटलं. लिफ्ट खाली यायला जागाच नव्हती. तेगिद धावला. आधी कॅरव्हॅनचं पुढचं चाक टेकवा, मग हुक सोडवा, मग गाडी पुढं घ्या. हुक नेमका अडकला. दोघांनी लाथा घातल्या, शिव्या घातल्या. दार उघडलं तेव्हा इद्वल दुसरीकडे बघत होता आणि त्याची विजार भिजली होती. तेगिद टायर बघायला खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

तसेच ते घरी परतले. कोरडे कपडे चढवून झाल्यावर इद्वल एवढंच म्हणाला, "झाली हौस? शनिवारी विकून टाकायची."

नेस्ताला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. वजनं विचारली, चाकं विचारली, हुक हलवून हलवून बघितला. आणि घर मागं जोडलं की माणसाचं दार बंद होतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये? तिनं त्या माणसाला फसवून बाहेर काढलं आणि परक्यासमोर त्याची लाज घालवली. वाईट तर वाटलंच. पण वाईट वाटून ती बसून राहिली नाही. तेगिदनं आवाराचं फाटक उघडायच्या आधी ती तिथं हजर होती.

"बाजूच्या दाराला लिफ्ट असलेली गाडी बघ. रस्त्याच्या कडेच्या बाजूला."

"आंटी, जाऊ द्या ना आता. काकांना नकोय."

"काकांना गाडी नकोय असं नाही. कालची फजिती नकोय. मलाही नकोय. आहे का सांग."

"रेक्समला एक आहे. शाळेची होती. ओढेल, हुकही आहे, पण रंग..."

"रंग विचारला मी?"

"पिवळीधमक आहे, आंटी. केळ्यासारखी."

"केळं तर केळं. आणि ऐक, ते पट्टे नकोत. जमिनीत खटका बसव, खुर्ची त्याची त्याला सोडवता येईल असा. लिफ्टचं बटण कुणाकडे असतं?"

"ड्रायव्हरकडे."

"बसणाऱ्याच्या हातात दे."

"शुक्रवारपर्यंत? आंटी, मी काय जादूगार आहे?"

"लहानपणी पाठांतरालाही हेच म्हणायचास. मग यायचं की नाही?"

शुक्रवारी दिवस मावळता मावळता गाडी अंगणात आली. इद्वलनं खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "सर्कस आली वाटतं." जवळ मात्र गेला नाही. शपथ घातली तरी त्यात बसणार नाही, म्हणाला. नेस्तानं शपथ घातली नाही.

शनिवारी सकाळी तिनं स्वतः कॅरव्हॅन पिवळ्या गाडीला जोडली. हुक बसला की नाही ते दोनदा बघितलं. मग माळ्यावरून इद्वलची जुनी हातानं ढकलायची खुर्ची काढली, गाडीच्या बाजूला आणली, तीत बसली आणि बटण दाबलं. वर गेली, आत शिरली, खुर्ची वळवली आणि उतरली. मग पुन्हा चढली. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, धडधडीत. एकदा चाक उंबऱ्याशी अडकलं तेव्हा तिनं जी शिवी दिली, ती प्रार्थनागृहात कुणी तिच्या तोंडून ऐकली नसेल. पण सुटली तीही तिची तीच. आत बसल्यावर तिला कळलं, की दार लागलं की इथून जग केवढं लांब वाटतं, आणि बटण हातात असलं की केवढं जवळ.

तेवढ्यात बालाचं गिऱ्हाईक आलं. टोपीवाला, किडकिडीत, सभ्य माणूस.

"कॅरव्हॅन हीच का, बाई?"

"हीच. थांबा जरा, मी उतरतेय."

"तुमच्या... पायांना काही झालंय का?"

"ठणठणीत आहेत पाय. पुन्हा चढतेय, बाजूला व्हा."

गिऱ्हाईक बाजूला झालं. काय करावं ते त्या बिचाऱ्याला समजेना.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. इद्वल आपली विजेवरची खुर्ची चालवत उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, आणि एकटा बाहेर पडला. खडीवर चाकं करकरली. तो थेट लिफ्टपाशी आला.

"उतर खाली आणि ऊठ," तो म्हणाला.

"काय?"

"त्या खुर्चीतून ऊठ, नेस्ता. ती माझी जागा आहे."

ती उतरली, उठली आणि जुनी खुर्ची बाजूला सारली. खुर्चीचं नावसुद्धा ज्याला सहन व्हायचं नाही, तो माणूस हे बोलला होता. आठवडाभर एक टिपूस गाळलं नव्हतं, ते आता दोन्ही डोळ्यांतून आलं. इद्वलनं तिच्या हातातून बटण घेतलं, वर गेला, आत शिरला. खुर्ची खटक्यात टक् करून बसली.

"रडतेस कशाला? बस पुढं. चल."

याच एका शब्दासाठी तर सगळा खटाटोप होता. तरी नेस्ता पुढं बसली नाही. नाक पुसलं आणि हाताची घडी घालून खडीवर उभी राहिली.

"आधी उतर."

"आत्ता तर चढलो!"

"कॅरव्हॅन जोडलेली आहे. मी हात लावणार नाही, हे पाहुणेही लावणार नाहीत. तुझा तू उतरून दाखव, मगच मी किल्ली फिरवीन. एकदा फसवलं तुला. पुन्हा नाही."

 इद्वलनं वाकून खटका ओढला. पहिल्या खेपेला सुटला नाही. नेस्ताचा पाय पुढं आला, तो तिनं जागीच रोवला. दुसऱ्या खेपेला सुटला. खुर्ची वळली, दारात आली, फळीवर चढली आणि हळूहळू खाली आली. मागं कॅरव्हॅन जशीच्या तशी जोडलेली होती. चाकं खडीवर टेकली तशी गिऱ्हाइकानं डोक्यावरची टोपी काढली.

इद्वल त्याच्यापर्यंत गेला आणि हात पुढं केला. त्याच्या त्या खर्जातल्या आवाजात, अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा फेरा फुकट गेला, राग मानू नका. आत चला, चहा टाकतो मी. तोवर ती गाडी वळवून घेईल, मग आम्हाला निघायचंय."