चार बोटं काठ

"अजून एक घोट घ्या ना आजी, आणि खरं सांगा," जयंत म्हणाला.

वंदनाताईंनी छोट्या ग्लासातला घोट तोंडात घोळवला, गिळला, आणि त्यांना मनस्वी संताप आला. बीअर चांगली होती. कोलार रोडवरच्या या ब्रुअरीत त्या दोन वर्षं येत होत्या. दर वेळी घरून निघताना देवाला सांगत, आज तरी या पोराच्या टाकीत आंबट ताक निघू दे. पण देव ऐकत नसे आणि जयंत काहीतरी असं पुढे ठेवी की जीभच फितूर होई.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. शत्रूच्या घरच्या पदार्थाला याहून मोठं प्रमाणपत्र द्यायची त्यांची तयारी नव्हती.

"आजींचं 'बरी' म्हणजे एकदम बढिया!" जयंत टेबलापलीकडे बसलेल्या कांचनला म्हणाला. "बघ ताई, फेस्टिवलला हीच पहिली लावतो." मग तो जरा पुढे झुकला. "आजी, एक रिक्वेस्ट होती. त्या दिवशी आमच्या आजोबांचा सत्कार करायचाय. पंच्याऐंशी पूर्ण झाले ना त्यांना. तुमच्या हातून व्हावा असं वाटतं. तुम्ही माझ्या सगळ्यात सीनियर कस्टमर, और दोघंही टाउनशिपवाले. आजोबा ओळखत असतीलच तुम्हाला?"

"ओळखतात तर," वंदनाताई म्हणाल्या. "शाल मी आणीन. तू खर्चात पडू नकोस."

गाडीत बसल्यावर कांचननं किल्ली लावली, पण फिरवली नाही. आईला ती चांगली ओळखून होती.

"आई, तू काय करणार आहेस?"

"सत्कार."

"तुझा चेहरा सत्काराचा नाहीये. रहने दे ना आई. जयंतचा काय दोष त्यात?"

"जयंतचा काहीच दोष नाही. गुणी पोरगा आहे. म्हणूनच तर म्हणते, त्याच्या आजोबाचा सत्कार अगदी मनापासून करीन." त्या सीटला टेकून बसल्या. "चल आता. इंद्रपुरीच्या चौकात भाजी घ्यायची आहे."

जयंतचे आजोबा म्हणजे केशवराव दातार. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ते एकेकाळचे मोठे साहेब आणि मराठी मंडळाचे तहहयात सचिव. वंदनाताईंचे यजमान अच्युत वझलवार त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन, नागपूरहून आलेले. साहेबाच्या साहेबाचे साहेब ते दातार. कारखान्यात ही उतरंड कुणी विसरत नसे, पण गणपतीचे दहा दिवस ती उलटी व्हायची, कारण मंडळाच्या नाटकात नायक अच्युतच असायचा. दारातून वाकून जावं लागेल अशी उंची आणि माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. दातारसाहेब उंचीला जेमतेम त्याच्या कानापर्यंत येत. ते दर वर्षी प्रधान नाहीतर न्यायाधीश व्हायचे आणि पहिल्या अंकातच मरायचे किंवा निवृत्त व्हायचे.

सत्त्याऐंशी साली कॉलनीतल्याच एका फोरमननं लिहिलेलं ऐतिहासिक नाटक बसवलं. अच्युत किल्लेदार झाला. त्याच्या अंगरख्यासाठी वंदनाताईंनी लग्नातला जांभळा शालू कापला. आईनं दिलेला शालू कापायला जीव होत नव्हता, पण नवरा रंगमंचावर तो घालून उभा राहील या विचारानं कात्री पुढे सरकली. खाली घेराला त्यांनी शालूचा चार बोटं रुंद जरीचा काठ लावला. आदल्या दिवशी सगळे कपडे मंडळाच्या पेटीत जमा करायची रीत होती, त्याप्रमाणे तो जमा केला.

त्या वर्षी नाटकाला दिल्लीहून कारखान्याचे सर्वांत मोठे साहेब येणार होते. नाटकाच्या दिवशी दुपारी दातारसाहेबांनी अच्युतला बंगल्यावर बोलावून घेतलं आणि समोर बीअरचा ग्लास ठेवला. "घे रे. गळा मोकळा होतो." अच्युतनं जन्मात घेतली नव्हती. पण साहेबांनी स्वतः ओतलेला ग्लास नाही म्हणून सरकवणार कसा? अर्धा ग्लास त्यानं डोळे मिटून संपवला.

संध्याकाळी पहिली घंटा झाली आणि दातारसाहेब रंगपटात आले. रंगवणारा, पेटीवाला, मावळे झालेली पोरं, सगळ्यांसमोर ते अच्युतला म्हणाले, "वझलवार, तोंड उघडा. हा करा."

अच्युतनं हा केला.

मग साहेब पडद्याबाहेर आले आणि माईकवरून म्हणाले, "श्री. वझलवार हे मद्यपान करून आलेले आढळले. गणरायासमोर असला प्रकार मंडळ खपवून घेणार नाही. त्यांची भूमिका नाइलाजानं मी स्वतः करीन." चौथ्या रांगेत वंदनाताई आठ वर्षांच्या कांचनला घेऊन बसल्या होत्या. अख्ख्या मांडवाच्या माना त्यांच्याकडे वळल्या. उठून जावं तरी सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.

पडदा उघडला. दातारसाहेब किल्लेदाराच्या वेषात आले. एकही वाक्य चुकलं नाही. टाळ्या पडल्या. आणि वंदनाताईंना दिसलं, की अंगरख्याला काठ नाही.

काठ होता. आत दुमडून वर घेतला होता, दातारसाहेबांच्या उंचीला बरोबर येईल असा. दोन घंटांच्या मधे घाईनं घातलेले ते टाके नव्हते. अंगरखा शिपायाबरोबर परत आला तेव्हा त्यांनी उलटा करून पाहिलं. जांभळ्याच दोऱ्यानं, निगुतीनं, निवांत बसून घातलेली तुरपाई होती. म्हणजे वास यायच्या आधीच वासाची सोय झाली होती, आणि त्याच्याही आधी शिंप्याची.

"साहेबांनीच पाजली म्हणून ओरडून का नाही सांगितलंत?" त्या अच्युतला म्हणाल्या.

"ज्याच्या घरचं प्यालो त्याचं नाव असं चारचौघांत कसं घेऊ?" तो म्हणाला. "सोड ना. नाटक होतं ते."

पण कॉलनीनं सोडलं नाही. अच्युत शिफ्ट संपवून सायकलवरून येई तेव्हा कोपऱ्यावरची पोरं मागून ओरडत, "हा!" शाळेत कांचनच्या तोंडाशी नाक नेऊन मुली म्हणत, "हा कर, वझलवार." पुढच्या वर्षी दातारसाहेबांना बढती मिळाली. ती त्या नाटकामुळेच, असं वंदनाताईंचं ठाम मत होतं आणि ते बदलायची कुणाची छाती नव्हती. अच्युत नंतर कुठल्याच नाटकात उभा राहिला नाही. मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसायचा, टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात वाजवायचा. त्या टाळ्या वंदनाताईंना सहन होत नसत.

दर दिवाळीला ट्रंक आवरताना तो म्हणे, "तो दोरा उसवून टाक गं. शालूचा काठ आहे तुझा."

"नाही उसवणार. ज्यानं दुमडला त्याला दाखवल्याशिवाय नाही."

आणि दाखवायचं राहूनच गेलं. अच्युत गेला. काठ आतच राहिला.

तो गेल्यानंतर तीन वर्षांनी कांचनच्या मोबाइलवर एक फोटो आला. कोलार रोडवर नव्या ब्रुअरीचं उद्घाटन, फीत कापणारे केशवराव दातार, आणि त्यांच्या हातात फेसाळता ग्लास. गणरायासमोरचे ते केशवराव! त्या दिवशी वंदनाताई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कांचन, मला तिथं घेऊन चल."

पहिला घोट त्यांना कारल्याच्या पाण्यासारखा लागला. यासाठी माझ्या माणसाचं नाव घालवलं? पण शत्रूच्या किल्ल्याची माहिती काढायची तर आत शिरायला हवं, म्हणून त्या पुन्हा गेल्या. जयंत हौशी लोकांना रविवारी मागच्या बाजूला नेऊन टाक्या दाखवी. एकदा गव्हाची बीअर शिजत होती. वंदनाताई दारातच थबकल्या. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजतो, त्या वासाचा हा सख्खा भाऊ होता. नागपूरचं अंगण, आई, पाटावरच्या कुरडया, सगळं समोर आलं. ती बीअर प्यायल्या तेव्हा लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास आला आणि त्यांनी, आपण सूड घ्यायला आलो आहोत हे विसरून, दुसरा ग्लास मागवला.

मग त्या हट्टानं शिकल्या. इंदूरच्या फेस्टिवलला गेल्या, पुण्याच्याही. गळ्यात पास, हातात छोटा ग्लास, पायांत कापडी बूट. तरुण मुलं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत. काळी, तांबडी, आंब्याची, सगळ्या त्यांनी चाखल्या आणि मजेत चाखल्या. मग रात्री अंथरुणावर मन खात असे. अच्युत एकदा म्हणाला होता, "त्या दिवशी चव कसली कळतेय? भीतीनं नुसती ढकलली." ते आठवलं की त्या कूस बदलत आणि दातारसाहेबांना शिव्या देत झोपी जात.

फेस्टिवल जानेवारीत, ब्रुअरीच्याच लॉनवर होता. एका बाजूला भुट्ट्याच्या किसाचा ठेला, एका बाजूला नळ लावलेली पिंपं, मधे गर्दी. पुढच्या सोफ्यावर केशवराव कानटोपी घालून बसले होते. अंग आटलं होतं, पण ग्लास धरायची ऐट तीच होती. शेजारी टाउनशिपमधली जुनी चार-सहा मंडळी होती.

जयंतनं माईकवरून नाव घेतलं. वंदनाताई पिशवी घेऊन वर गेल्या आणि शालीच्या जागी जांभळा अंगरखा बाहेर काढला. लोकांनी हौसेनं टाळ्या वाजवल्या. त्यांनी तो केशवरावांच्या खांद्यांवर चढवला, बंद बांधले आणि माईक हातात घेतला.

"दातारसाहेब, हा करा."

लॉनवर हशा पिकला. सगळं गावच बीअर पिऊन उभं होतं. कुणीतरी मागून ओरडलं, "दादाजी, हा!" आणि बघता बघता शंभरेक पोरांनी ताल धरला. "हा! हा! हा!"

वंदनाताई माईक धरून नुसत्या बघत राहिल्या. ज्या एका अक्षरानं त्यांच्या घराचं हसू गेलं होतं, त्याचा इथे खेळ झाला होता. केशवरावही हसले. हात वर करून त्यांनी लोकांना अभिवादन केलं आणि तोंड उघडायला एक पाऊल पुढे टाकलं. पण म्हातारपणी माणूस आखडतो. तेव्हा अगदी बेतात बसलेला अंगरखा आता त्यांच्या बुटाखाली आला. ते अडखळले, सावरण्यासाठी वाकून घेर उचलला, आणि बोटांना खालची जाड घडी लागली. त्यांनी ती चाचपली. आतली जर बोटांना टोचली असावी.

त्यांनी वर पाहिलं. वंदनाताईंनी माईक खाली केला.

"तुम्हाला... तेव्हापासून माहीत होतं?" केशवराव पुटपुटले.

"पहिल्या अंकापासून."

"हा! हा!" पोरं ओरडत होती. केशवरावांनी ओठ घट्ट मिटले. लपवण्यासारखं तोंडात काही नव्हतं, ग्लास तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा झाला होता. तरी ते तोंड उघडेना. जयंत गोंधळून म्हणाला, "आजोबा, करा ना, मजाक है." त्यांनी मान हलवली.

वंदनाताईंनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. "त्यांना जमत नसेल तर राहू द्या. टाउनशिपच्या मांडवात एकदा यांनी माझ्या यजमानांना असंच हा करायला लावलं होतं. अच्युत वझलवार त्यांचं नाव. त्यांनी केला होता. बीअर यांनीच पाजली होती, तरी नाव न घेता केला होता."

पोरांना त्यात काही कळलं नाही, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. फक्त सोफ्यापाशी बसलेल्या जुन्या मंडळींचे हात थांबले. केशवराव अंगरख्याचे बंद सोडू पाहत होते. गाठ सुटत नव्हती. वंदनाताईंनी ती सोडली, अंगरखा उतरवून घेतला, हातावर नीट घडी घातली आणि पायऱ्या उतरल्या. त्यांना वाटलं होतं, आज काळीज गार होईल. झालंही. पण जे सांगायचं ते ज्याला ऐकवायचं होतं, तो शेवटच्या खुर्चीवर नव्हता.

मागच्या टेबलाशी कांचन रडत होती. "बस झालं ना आता, आई?"

"झालं. तुझ्या पर्समधली ती छोटी कात्री दे. आणि त्या गव्हाच्या बीअरचा अर्धा ग्लास घेऊन ये."

बीअर आली. त्या ती सावकाश प्यायल्या, प्रत्येक घोट चवीनं, आणि दोन घोटांच्या मधे एकेक टाका कापत राहिल्या. जुना दोरा पटापट तुटत होता. शालूचा जांभळा रंग विटला होता, पण काठ सुटून खाली आला तो जरीसकट कोरा निघाला. घडीची रेघ त्यांनी तळहातानं दाबून सारखी केली.

"खांद्यांना धरून उभा कर बघू," त्या कांचनला म्हणाल्या.

कांचननं अंगरखा आपल्या खांद्यांशी धरला. काठ गवतात लोळला.

"वर घे. अजून वर. बाबा एवढे होते."

कांचन चवड्यांवर उभी राहिली.