शून्याखालचं उत्तर

अर्धांगवायूने आत्याची वाचा गेली, पण बोलण्याची धार गेली नव्हती. तिचं उजव्या हाताचं एकच बोट हलायचं. त्या बोटासाठी आतोबांनी प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हव्या त्या अक्षरावर आत्या बटण दाबायची आणि वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचायचा. आतोबा गेल्यावरही सहा वर्षं आत्या त्यावरून अख्ख्या घराची हजेरी घेत होती.

मंगळवारी तो कॉम्प्युटर बसला तो बसलाच. नव्यावर आतोबांचा प्रोग्राम चालेना. तो ज्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिला होता, ती भाषाच जुनी झाली होती. पण पूर्ण प्रोग्राम त्यांनी कागदावर छापून ठेवला होता. भाची प्रोग्रामर. तिनं तडक येऊन आत्याच्या पलंगाला टेबल लावलं.

"दोन दिवस दे, नव्या भाषेत उतरवते."

आत्यानं डोळे मिटून उघडले. म्हणजे 'हो'.

गुरुवारी सकाळी अक्षरं उजळायला लागली, आवाजही आला. बटण मात्र ढिम्म! आत्या दाबतेय, अक्षरं आपली पळतायत.

बटण दाबलंय का, हे आतोबांचा प्रोग्राम थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका फंक्शनला विचारायचा. उत्तर शून्याच्या खाली आलं, तर दाबलंय. भाचीनं ती ओळ जशीच्या तशी आणली होती.

"वायर तुटली असेल," उशी सारखी करता करता नर्सबाई म्हणाल्या.

"थांबा, उत्तर काय येतंय तेच बघू." भाचीनं येणारा आकडा पडद्यावर दाखवायला लावला. शून्य. शून्य. शून्य. "आत्या, दाब!"

बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.

"सोड!" शून्य. "दाब!" पुन्हा बत्तीस हजार!

भाची ताडकन उठली. "अगं, बटण बोलतंय! मलाच ऐकू येत नाहीये!"

पण आकडा शून्याच्या वर कसा? तिनं आतोबांच्या कागदावर बोट ठेवलं. उत्तर ठेवायच्या जागेपुढे लिहिलं होतं 'इंटिजर', म्हणजे पूर्णांक. तिनंही तेच लिहिलं होतं. आणि तिनं कपाळावर हात मारला.

"नाव तेच, माप दुप्पट! जुन्या भाषेत ही जागा सोळा बिटांची, म्हणजे सोळा शून्य-एकांची. त्यातलं पहिलं बिट वजाची खूण. नव्या भाषेत ती बत्तीसची, म्हणून ती खूण आकड्यातच विरघळली!"

"मग आता सगळं पुन्हा?" नर्सबाई घाबरल्या.

"छे हो! एक शब्द! सोळा बिटांच्या जागेला नव्या भाषेत 'शॉर्ट' म्हणतात." तिनं 'इंटिजर' खोडून 'शॉर्ट' लिहिलं. प्रोग्राम सुरू केला. "दाब, आत्या."

पडद्यावर उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. खाली एक अक्षर उमटलं. मग दुसरं. भाचीनं नर्सबाईंचा हात घट्ट धरला होता. आत्याचं बोट धावत होतं, डोळे लकाकत होते. मग खोलीत आवाज घुमला:

"दोन दिवस तुझीच बडबड ऐकली. आता गप्प बस."

भाची हसता हसता रडायलाच लागली. नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आत्या थांबायला तयार नव्हती. पुढचं वाक्य आलं:

"अक्षरं फार रमतगमत चालतात. वेग वाढव."

भाचीनं वाढवला. जेवणाच्या वेळेपर्यंत आणखी दोनदा वाढवावा लागला.