आवतणाची पत्रं

या, जवळ सरकून बसा मंडळी. कशेळ्याच्या धोंडूबाईंची गोष्ट सांगते, ऐकाल तर जीव सुखावेल.

धोंडूबाईंची सून हर्षला तांदळाचे पापड ऑनलाइन विकते. पण ऑर्डर पक्की करायला पाठवलेले तिचे ईमेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये, म्हणजे कचऱ्याच्या टोपलीत, पडू लागले. ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. दुकान बंद करायची पाळी आली.

"तुजी पत्रं जातात तरी कुणाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑर्डरवाल्यांना. आणि जाहिरात जाते गावच्या हरिनाम सप्त्याला आलेल्या पाहुण्यांना. सप्त्याच्या वहीत त्यांचे चारशे ईमेल पत्ते हायत."

"त्यांनी मागितली व्हती?"

"नाय. पण सगळे आपलेच ना, आत्या!"

"आपले म्हणून काय झालं? लग्नाच्या पंगतीला आवतणाशिवाय कोण बसतो गं? तू मात्र न बोलावता चारशे घरांत शिरलीस. हाकलतीलच की!"

हर्षला चपापली. त्याच लोकांनी वैतागून 'स्पॅम'वर बोट दाबलं होतं, आणि त्यामुळे तिचा पत्ताच बदनाम होऊन ऑर्डरीचे ईमेलही टोपलीत जात होते. तिने चारशेही नावं खोडली. ज्याने स्वतःहून होकार दिला, त्यालाच ती लिहू लागली.

दोन महिन्यांनी खोपोलीहून उत्तर आलं, "ईमेल लगेच दिसला. वीस पाकिटं पाठवा." मग कर्जतहून, मग पार नागपूरहून! धोंडूबाईंनी पिठाच्या हातांनीच टाळी धरली आणि विठ्ठलनामाने घराची ओटी दणाणून सोडली.

तर मंडळी, पंगतीत पापड मोडाल, तेव्हा जन्मात एकही ईमेल न उघडलेल्या या माउलीची आठवण ठेवा.