दोन मिनिटांचा गंज

मित्रांनो, जुनी मोटार दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, दिवे बघता, आत बसायला मिळते का ते बघता. पुढचे झाकण उचलून माझ्याकडे कोणी बघत नाही. मी तिचे इंजिन. सध्या मात्र मी मोटारीत नाही. एका गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर, पोट उघडे टाकून बसलो आहे.

वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले, आणि मी जन्मलो. मग माझ्या अंगात चार गोल विहिरी कोरल्या. त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांच्या भिंती इतक्या घासल्या होत्या की तपासणाऱ्या बाईने आत बोट फिरवले आणि शेजारणीला म्हणाली, "आरसा आहे गं नुसता." या भिंतींवर तेलाचा पातळ थर असतो. तो थर असेल तोवर आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दिवसभर वरखाली होवो, ओरखडा उठत नाही. तेल हटले की लोखंड उघडे पडते. आणि उघड्या लोखंडाचा नि पाण्याचा उभा दावा.

मला घरी आणले ते जनावरांच्या एका डॉक्टरांनी. डिकीत दोरखंड, रबरी बूट आणि औषधांची पेटी. सगळ्या गाडीला जंतुनाशकाचा वास. कुठे गाय अडलेली, कुठे घोडी पाय टेकत नाही. निरोप आला की आम्ही निघालोच. चिखलातून, खडीवरून, धुक्यातून. मी त्यांना कधी रस्त्यात सोडले नाही. लोक म्हणायचे, "डॉक्टर, तुमची गाडी माणसासारखी शहाणी आहे." ते हसायचे आणि बोनेटवर थाप मारायचे. त्या थापेवर मी महिनाभर खूश असायचो.

अकरा वर्षांनी त्यांनी मला एकदा उघडून घेतले. सिलिंडर थोडे मोठे करून पुन्हा गुळगुळीत केले. माझे तेल तर ते स्वतः बदलायचे, बाह्या सरसावून, अंगणात चटई टाकून. त्यांची एक खोड होती. दोन गल्ल्या पलीकडे जाऊन यायचे असले तरी परतताना लांबचा फेरा मारायचे. त्यांची बायको, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, दारातच विचारायची, "पेट्रोल फुकट येतं का हो?" ते नुसते "येतो जरा फिरून" म्हणायचे. फेऱ्याचे कारण त्यांनी तिला कधी सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. मी पुरता तापल्याशिवाय त्यांना मला बंद करायचे नसायचे.

एका सकाळी ते एका गोठ्यात तपासायला वाकले आणि तिथेच कोसळले. मला घरी आणले ते गोठ्याच्या मालकाने. त्याच्याकडून गिअर धड पडत नव्हता. डॉक्टरीणबाई फाटकात उभी होती. गाडी आली म्हणून तिने फाटक उघडले, आणि चालवणारा माणूस पाहून तिचा हात कडीवरच राहिला.

तिला गाडी चालवता येत नव्हती. मुलगी लग्न होऊन दूर राहत होती. गाडी विकायला बाईने साफ नकार दिला. तेव्हा शेजारचे एक काका म्हणाले, "मग नुसती उभी ठेवू नका, वहिनी. खराब होते. आठवड्यातून एकदा चालू करत जा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. किती वेळ चालू ठेवायची, एवढे मात्र ते बोलले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. दार लोटून घ्यायची नाही. डॉक्टरांच्या जागेवर बसायची आणि किल्ली फिरवायची. मी सुरू व्हायचो. मग ती बोलायची. "स्वयंपाकघरातला नळ नीट करून घेतला आज." "लेकीचा फोन आला होता, नातीला दात येतायत." कधी नुसता माझा आवाज ऐकायची. दोन मिनिटे. मग किल्ली काढून, बोनेटवर हात ठेवून निघून जायची.

मित्रांनो, त्या दोन मिनिटांसाठी मी आठवडा काढायचो. आणि त्याच दोन मिनिटांनी माझा घात केला.

कसा, ते ऐका. पेट्रोल जळले की धुराबरोबर पाण्याची वाफही होते, आणि ती थोडीथोडकी नसते. मी तापलेला असलो तर ती सायलेन्सरमधून बाहेर निघून जाते. पण मी थंडगार असलो तर ती जाणार कुठे? थंड ताटलीखाली जमते तशी ती माझ्याच भिंतींवर जमायची, ओघळायची, तेलात उतरायची. चार वर्षे ती दर रविवारी उतरत राहिली. माझे काळेभोर तेल दुधाळ झाले, आंबट झाले. ज्याने मला झाकायचे तेच मला चावू लागले. मला ओरडून सांगावेसे वाटे, बाई, अर्धा तास थांब, मला घाम येऊन जाऊ दे. पण माझ्या आवाजाचा तिने एकच अर्थ लावला होता, की मी बरा आहे.

एका रविवारी किल्ली फिरली आणि नुसती टक्‌टक् झाली. बॅटरी संपली होती. पुढचे तीन रविवार ती येऊन बघत राहिली. चौथ्या रविवारी तिने एक जाड प्लास्टिकचा कागद आणला, सगळ्या गाडीवर घातला आणि खालून सुतळीने आवळून बांधला. "थंडी लागायला नको," असे म्हणाली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी तिला आपल्याकडे घेऊन गेली.

मी सहा वर्षे त्या कागदाखाली होतो. जमिनीची ओल वर चढे, कागदाला अडे, आणि थेंब होऊन खाली येई. दुसऱ्या सिलिंडरची धूर बाहेर सोडणारी झडप उघडी राहिली होती. सायलेन्सरमधून दमट हवा आली की थेट तिथे. पहिल्यांदा तपकिरी ठिपके आले. मग ठिपके मिळाले. मग पिस्टनभोवतीच्या रिंगा भिंतीला चिकटल्या, जणू तिथेच उगवल्या होत्या. माझ्या अंगाभोवती थंडाव्यासाठी फिरणारे पाणीही कोणी काढून टाकले नव्हते. ते बाहेरच्या बाजूने कुरतडत होते. शेडमध्ये उंदीर आले, गेले. माणूस आला नाही.

एक दिवस सुतळी कापल्याचा आवाज आला. मुलगी आली होती, बरोबर डॉक्टरीणबाई. तिचा हात मुलीच्या खांद्यावर होता. तिची नजर जवळजवळ गेली होती.

"आई, नक्की हेच हवंय का तुला?" मुलगी म्हणाली. "दुसऱ्या गाडीनं फिरवून आणते की."

"मला आता रस्ता दिसणार आहे का?" बाई म्हणाली. "ऐकायची आहे फक्त. हिचा आवाज मी हजारांत ओळखीन."

नवी बॅटरी लावली. मी हललो नाही. मुलीने शेजाऱ्याची जीप बोलावली, दोर बांधला. तिला वाटले, ओढले की सुटेल. जीप निघाली, मुलीने गिअर टाकून क्लच सोडला आणि माझ्या आत काहीतरी कडकन मोडले. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. बाईने तो ऐकला. "थांबव," ती हळूच म्हणाली. "हा तिचा आवाज नाही."

गॅरेजमध्ये मिस्त्रीने मला उघडले तेव्हा दोघी समोर बाकावर बसल्या होत्या. मिस्त्री कामात मुरलेला माणूस, पण बोलायला भोळा. खालचे झाकण काढून त्याने त्यातल्या तेलात बोट बुडवले.

"तेलात पाणी. ही नुसती उभी नव्हती, ताई. कोणीतरी बरीच वर्षं दोन-दोन मिनिटं चालू करून बंद केलीय. त्यापेक्षा हात लावला नसता तर बरं झालं असतं."

मुलीने खूण करेपर्यंत उशीर झाला होता.

"मीच ती," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मिस्त्रीने हात पुसायला फडके घेतले आणि पुसतच राहिला. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं नसणार."

"सांगणारा गेला होता ना."

मग तिने मला हात लावायला मागितला. मुलीने तिचे बोट दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर टेकवले. पूर्वी जिथे आरसा होता तिथे खरबरीत कडा होती, आणि रिंग मोडून पडलेली खोल चीर. तिने ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"आई, तुला माहीत नव्हतं," मुलगी म्हणाली.

"माहीत नव्हतं म्हणून गंज कमी चढला का गं?"

मिस्त्रीने प्रयत्न केला. पण सिलिंडर मोठे करताना मला एकदा कोरून झाले होते, आणि आता आतून-बाहेरून गंजाने खाऊन भिंत कागदाएवढी उरली होती, पुन्हा कोरण्याजोगी नाही. त्याने मान हलवली. गाडीला त्याच जातीचे दुसरे इंजिन मिळाले. मिस्त्री स्वतः बाईला फिरवून आला. ती उतरली आणि म्हणाली, "छान चालते." मग मिस्त्रीला म्हणाली, "जुनं मोडीत घालू नका, जमलं तर." म्हणून मी इथे आहे. कोणी गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असले की मिस्त्री त्याला माझ्यापाशी आणतो.

तेव्हा मित्रांनो, ऐकून ठेवा. गाडी ठेवायची असेल तर आधी तिला दूरवर फिरवून पुरती तापू द्या. ताजे तेल घाला, सिलिंडरमध्ये चार थेंब सोडा, सायलेन्सरचे तोंड झाका. वरून कापड घाला, प्लास्टिक नको. तिला वारा लागू द्या. आणि मधे चालू करायची झाली तर वेळ काढून या. नाहीतर येऊच नका.

एवढे मी सगळ्यांना सांगतो. जिला वेगळेच काही सांगायची माझी इच्छा होती, ती मात्र समजून बसली आहे की तिने मला मारले. डॉक्टर गेल्यावर दहा वर्षे मी त्या शेडमध्ये होतो, आणि त्यात जगलो ते फक्त तिचे रविवार. हे तिला सांगायला तिच्या ओळखीचा तो आवाज आता माझ्यापाशी नाही.